एम्रिसच्या कोठारात काकांची बैठक

नेपरव्हिल

दत्ताकाकांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी रेकॉर्डची बातमी दिली आणि मग ऑपरेशनची. त्यांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ झाली होती. ती काढायची होती, आणि आवाजाची नस तिला खेटून जात होती. सर्जनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की बोलणं बहुतेक राहील, गाण्याबद्दल शब्द देता येणार नाही.

"म्हणून त्याच्या आधी गाऊन घेतोय," काका म्हणाले. "सहा गाणी. सुनंदा, तू ये. इथे समोर बसायला माणूस नाही."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नेपरव्हिलहून ट्रेनने शिकागोला जाऊन पुलांची गणितं केली आणि शनिवारी संध्याकाळी घरच्या दिवाणखान्यात गायले. कविता कुसुमकाकूच्या, चाली काकांच्या. श्रोते गराजमध्ये बूट काढून आत येत, त्यांची मुलं तळघरात व्हिडिओ गेम खेळत, आणि गाणं संपलं की कोणीतरी "ऑसम, काका" म्हणे. काकांना ते लागे. त्यांच्या मते गाणं संपल्यावर दिलेली दाद म्हणजे जेवण आटोपल्यावर वाढलेलं मीठ.

मी नाशिकला भावगीतांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. निवेदन म्हणजे गायकाचं पाणी पिऊन होईपर्यंत बोलत राहणं. बाकीचा वेळ स्टेजवर बसून दाद द्यायची असते, आणि या दुसऱ्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही असं माझं मत होतं. नवऱ्याला घरी ठेवून मी निघाले. त्याला विमानात आणि मैफलीत सारखीच गाढ झोप लागते, आणि दोन्हीकडे तो आपली छाप पाडतो.

नेपरव्हिलच्या घरात शिरले तेव्हा काका गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते आणि काकू त्यांना बोलू देत नव्हती.

"शाल आणलीस ना?" काकूने पहिलं हे विचारलं. "नारळ मी इथल्या दुकानातून घेतलाय. प्रोड्यूसरला द्यायचा."

प्रोड्यूसर शोधून काढला होता त्यांच्या मुलाने, निखिलने. निखिल ओहायोतल्या डब्लिनला नोकरी करतो. लहानपणी त्याला आईवडिलांनी तबला शिकायला लावलं आणि मोठेपणी तो स्वतःच्या पैशांनी बेस गिटार शिकला. शिकवणारा गृहस्थ म्हणजेच हा प्रोड्यूसर, एम्रिस. तो वेल्सचा, एके काळी एका रॉक बँडमध्ये होता, आता गावाबाहेर स्टुडिओ चालवतो.

"ताई, आईला सांग यार," निखिल फोनवर म्हणाला. "रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे नाटकाचा निर्माता नाही. तो पैसे घालत नाही."

"मग करतो काय?"

"डिसाइड करतो. काय ठेवायचं, काय काढायचं, कुणी कुठे बसायचं, कधी थांबायचं."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते मीही करते. मला कोणी शाल दिली नाही."

इंडियानातून

गाडी काकू चालवते. काका शेजारी बसून रस्त्याबद्दल सूचना देतात, पण या वेळी आवाज जपायचा होता म्हणून त्यांना फक्त बोट दाखवायची परवानगी होती. त्या परवानगीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

पेटी डिकीत ठेवायला काकू तयार नव्हती, म्हणून ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी आली. गाडी सुरू झाली आणि टुंग-टुंग वाजायला लागली. गाडीच्या मते पेटी हा प्रवासी होता आणि त्याने पट्टा लावला नव्हता. मी पेटीला पट्टा लावला. गाडी शांत झाली. अमेरिकेत वस्तूचीसुद्धा काळजी घेतात हे मी ऐकून होते, आता पाहिलं. नारळाला पट्टा बसत नव्हता, तो माझ्या पायाशी इंडियानाभर लोळत आला.

इंडियानात बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं तर मी मका सांगेन. मका कापून झाला होता. खुंटांची पिवळी शेतं क्षितिजापर्यंत, आणि त्यांच्यात पांढऱ्या पवनचक्क्या उभ्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, सावकाश हात फिरवत. आपल्याकडे इतक्या मोकळ्या जागेत आत्तापर्यंत एक रसवंतीगृह, दोन मंगल कार्यालयं आणि एक इंजिनियरिंग कॉलेज झालं असतं. इथे काहीच नव्हतं आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नव्हतं.

रस्त्याकडेच्या थांब्यावर बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. काकांनी कागदी रुमालावर लिहून दाखवलं, "चटणी नको, घसा." काकूने रुमाल वाचला, घडी केला आणि त्याने चटणीचा डबा पुसला.

डब्लिन

ओहायोतल्या डब्लिनमध्ये एक मैदान आहे. त्यात माणसाच्या उंचीची सिमेंटची कणसं ओळीने उभी केली आहेत. निखिल आम्हाला आधी तिथे घेऊन गेला, कारण पाहुण्यांना तिथे नेतात. आम्ही कणसांच्या मधून फिरलो. काकांनी मफलर खाली करून त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "भाजायची कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे शेताच्या कडेचं जुनं लाकडी कोठार. एम्रिस दारात उभा होता. उंच, किंचित वाकलेला, पांढरे केस मागे बांधलेले. वयाने तो माझ्या थोरल्या दिराएवढा असेल, पण त्याने हात मिळवतानाच सांगितलं की मला नुसतं एम्रिस म्हणा, म्हणून इथेही मी त्याला एकेरीतच ठेवते आहे. थोरल्या दिरांनी वाईट वाटून घेऊ नये.

दारातच काकूने मला खूण केली आणि मी चार वाक्यांचं इंग्रजी निवेदन केलं. मग काकांच्या हस्ते शाल आणि श्रीफळ. एम्रिसने शाल खांद्यांवर घेतली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"आता काय करायचं?" त्याने हळूच निखिलला विचारलं.

"काही नाही. फोटो झाला की संपलं."

कोठारात गारठा होता. शाल त्याने संध्याकाळपर्यंत काढली नाही. इतकी वर्षं मी सत्कार पाहते आहे, शाल वापरणारा सत्कारमूर्ती पहिल्यांदा पाहिला.

मग त्याने चहा केला. अमेरिकेत चहा म्हणजे गरम पाणी आणि शेजारी निजलेली पुडी. एम्रिसने मात्र तो किटलीत चांगला काळा होऊ दिला आणि विचारल्याशिवाय दूध घातलं. काकूने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माणूस पास झाला होता.

चहाबरोबर त्याने मनुका घातलेल्या छोट्या चपट्या गोड भाकऱ्या काढल्या. भाजल्या होत्या बिडाच्या जाड काळ्या तव्यावर. तवा त्याच्या आईचा, वेल्सहून आणलेला. काकूने तो उचलून पाहिला, बोटाने टिचकी मारली आणि दुपारची थालीपिठं याच्यावर होतील असं जाहीर केलं.

चहा पिता पिता मी त्याला त्याची हकिकत विचारली. निवेदन करणाऱ्या बाईला आधी माहिती लागते.

तो उत्तर वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींच्या गावचा. आपण शाळेत ज्यावर लिहायचो तो हा दगड. मी म्हटलं, आम्ही त्याच्यावर पाढे लिहिले. तो म्हणाला, आम्ही त्याच्याखाली झोपलो. त्यांची छपरं त्याची होती. वडील आठवडाभर खाणीत दगड फोडायचे आणि रविवारी चॅपलमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गायचे. आजोबाही खालच्याच पट्टीत. घरात वरचं कोणी नव्हतंच, त्यामुळे शाळेतल्या चार मुलांनी बँड काढला तेव्हा खालच्या सुरांची बेस गिटार कोणी घ्यायची याची चर्चा झाली नाही.

बँड लंडनला गेला. केस वाढवले, दोन रेकॉर्ड चालल्या.

"आणि प्रोड्यूसर कसा झालास?"

"बसून."

तो सांगत होता ते असं. रेकॉर्डिंगमध्ये ड्रम आणि बेस आधी वाजवून घेतात. बेसवाल्याचं काम पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतं. पुढचे कित्येक दिवस गिटारवाला आणि गायक एकमेकांशी भांडतात आणि बेसवाला मागच्या सोफ्यावर बसतो. एम्रिस दोन रेकॉर्डभर त्या सोफ्यावर बसला आणि सगळं शिकला.

"हा इथे का बसलाय असं कोणी विचारलं नाही?"

"बेसवाल्याला कोणी काही विचारत नाही," एम्रिस म्हणाला.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांची बस ओहायोत बंद पडली. ती दुरुस्त होईपर्यंत त्याने गावातल्या पोरांच्या एका बँडला रेकॉर्ड करून दिली. बस दुरुस्त होऊन निघून गेली, तो राहिला. मग वर्षानुवर्षं मोठमोठे लोक त्याच्याकडे गाणी घेऊन आले आणि थोडी कमी करून घेऊन गेले. काढून टाकणं हीच त्याची ख्याती. खोकला, खुर्चीची करकर, तीन गिटारांपैकी दोन, लांबलेलं शेवटचं कडवं. भिंतीवर रेकॉर्डची पाकिटं लावलेली होती. काकांनी ती सगळी वाचली आणि मला मराठीत विचारलं, "हा माझं काय काय काढणार आहे?"

कोठाराच्या आत

काकांना त्याने मधल्या खोलीत बसवलं. पुढे पेटी, तोंडाशी माइक, कानांवर हेडफोन. तबल्यावर निखिल, पण आवाज एकमेकांत मिसळू नये म्हणून लाकडी आडोशापलीकडे. समोर काच, काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये एम्रिस, काकू आणि मी.

काकांनी तुळशीचं गाणं धरलं. पहिल्या हिवाळ्यात काकूने कुंडीतली तुळस बर्फ पडायच्या आधी आत आणली, त्याची ती कविता. "खिडकीपाशी आणून ठेवली, तुळस मी आत." दिवाणखान्यात हे गाणं ऐकून मी दोनदा रडले आहे. इथे ते पाठ केलेल्या पत्त्यासारखं आलं. सगळे सूर जागच्या जागी, आणि घरात कोणी नाही.

गाणं संपलं. एम्रिसने बटण दाबून सांगितलं, "गुड."

काका हेडफोन काढून बघत राहिले. दुसऱ्यांदा गायले. "गुड." तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवलं.

"निखिल, विचार त्याला, आवडत नाहीये का?"

"बाबा, ही सेड गुड."

"ते शाळेत म्हणतात. सुनंदा काचेमागे माशासारखी तोंड हलवतेय, मला ऐकू येत नाही. मी भिंतीसमोर गात नसतो."

निखिलने हे भाषांतर करून सांगितलं, तेही अर्धंच. एम्रिस घड्याळाकडे न बघता म्हणाला, आपण जेवू या.

थालीपिठं त्याच्या आईच्या तव्यावर झाली आणि सुरेख सुटली. एम्रिसने तीन खाल्ली. काकूने चौथं वाढलं, तो नको म्हणाला, काकूने वाढलं. पाचव्याच्या वेळी त्याने ताटावर हात धरला. काकूने हाताच्या कडेने सरकवलं. "आमच्याकडे असंच असतं," मी त्याला समजावलं, "एकदा नको म्हटलेलं धरत नाहीत."

"आणि गाण्यात?" त्याने विचारलं. "त्यांना काय हवंय?"

मी सांगितलं. गाणारा एखादी सुंदर जागा घेतो, तेव्हा समोरचा तिथेच, गाणं चालू असताना, 'वा' म्हणतो. मग गाणाऱ्याला कळतं की पोचलं. मग तो पुढची जागा घेतो. एम्रिसने हे शांतपणे ऐकलं. आयुष्यभर तो नेमकं तेच काढून टाकत आला होता.

"तू आत बस," तो मला म्हणाला. "त्यांच्या समोर. फक्त आवाज नको."

माझ्या बांगड्या काढून घेण्यात आल्या. खुर्ची करकरते म्हणून सतरंजीवर बसवलं. मी काकांच्या समोर बसले आणि डोळे, मान आणि भुवया एवढ्या सामग्रीवर कामाला लागले.

काका फुलले. तुळशीच्या गाण्याचा दुसरा अंतरा त्यांनी असा उचलला की निखिलसुद्धा आडोशावरून डोकावला. बाहेर बर्फ आणि आत एवढीशी हिरवी तुळस, हे त्यांनी चार सुरांत दाखवलं आणि तिथून वळून मुखड्याकडे यायला लागले. आणि मी, जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, खणखणीत आवाजात म्हणाले, "वा, काका, वा."

काका गाणं पूर्ण करून थांबले. काचेपलीकडे एम्रिसने डोळे मिटले होते. काकूने उघडे ठेवले होते.

बटण दाबून एम्रिस म्हणाला, "काही हरकत नाही. ते ठेवू. मला आवडलं."

हे त्या माणसाच्या तोंडून येणं म्हणजे काय, ते निखिलच्या चेहऱ्यावर दिसलं. काका मात्र हलले नाहीत.

"ठेवायचं नाही," ते म्हणाले. "चुकीच्या ठिकाणी आली."

"काका, मी..."

"सम दोन मात्रा पुढे होती, सुनंदा. मी यायच्या आधीच तू दार उघडलंस. ही रेकॉर्ड माझ्यामागे राहणार. लोक म्हणतील, दत्तूच्या बैठकीला असले लोक बसायचे."

निखिलने हे पूर्ण भाषांतरित केलं. ते मात्र त्याने एक शब्द न गाळता केलं.

काकू आत आली. काकांच्या आवाजाला आता खर लागली होती. "अहो, एकदाच होईल. त्याच्यापुढे मी गाऊ देणार नाही. सोमवारी ऑपरेशन आहे." काकांनी मान हलवली. बाकीची पाच गाणी नंतर बघू, नाही झाली तरी चालतील, म्हणाले. हे एक व्हायला हवं.

"समोर कोण बसणार?" काकूने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बघणं थांबवलं.

एम्रिस कंट्रोल रूममधून बाहेर आला. कोपऱ्यातल्या पेटाऱ्यातून त्याने बेस गिटार काढली. निखिल उभाच राहिला. पुढे त्याने मला सांगितलं की शिकवतानासुद्धा एम्रिस स्वतःची गिटार काढत नसे, निखिलचीच हातात घेऊन दाखवायचा. कारण असं होतं की बँडच्या तिसऱ्या रेकॉर्डचं काम त्याने स्वतः केलं, आणि त्यातल्या एका गाण्यात काय जास्त आहे ते शोधता शोधता त्याला कळलं की त्याचा बेस जास्त आहे. त्याने तो काढला. ती रेकॉर्ड पडली, पण ते एक गाणं जगभर गाजलं. अजून वाजतं. त्यात तो नाही. त्यानंतर त्याने स्वतःला कुठल्याच गाण्यात परत घातलं नाही.

तो काकांच्या समोर सतरंजीवर मांडी घालायला गेला, ती त्याला जमेना, मग पाय पसरून बसला. शाल खांद्यावर होतीच. त्याने पट्टी विचारली. काका म्हणाले, काळी एक. निखिलने इंग्रजी नाव सांगितलं. एम्रिसने तार छेडली आणि षड्ज असा निघाला की तो कानांच्या आधी सतरंजीला कळला.

"आमच्या चॅपलमध्येही काच नव्हती," तो म्हणाला. "हेडफोन काढा. निखिल, आडोसा बाजूला कर."

"आवाज मिसळतील," निखिल म्हणाला.

"मिसळू दे."

आता कंट्रोल रूममध्ये बटण दाबायला माणूस नव्हता. एम्रिसने काकूला लाल बटण दाखवलं. "गाणं संपलं तरी मी हात वर करेपर्यंत बंद करायचं नाही." काकू खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि गाडी चालवताना बसते तशी बसली. माझी रवानगी तिच्या शेजारी झाली. दार घट्ट लावून घेण्यात आलं.

गाणं सुरू झालं. एम्रिस तीन-चार सुरांपलीकडे गेला नाही. बहुतेक वेळ तर वाजवतच नव्हता, काकांच्या तोंडाकडे बघत बसला होता. काकांनी एखादी जागा घेतली की तो खालून एकच सूर देई, आणि काका त्याच्यावर पाय ठेवून पुढची जागा घेत. दुसऱ्या अंतऱ्यात ते मुखड्याकडे वळले, बाहेरच्या बर्फात जरा जास्तच रेंगाळले, मला वाटलं आता श्वास पुरत नाही. एम्रिस थांबून राहिला. काका आले, आणि समेवर दोघे एकदम उतरले.

काचेमागे मी मनसोक्त ओरडले. कोणालाही ऐकू आलं नाही. काकूने बटणावरून नजर न हलवता सांगितलं, "आता बरोबर आली."

पुन्हा नेपरव्हिल

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. नस वाचली, पण तिला धक्का बसला आहे, असं सर्जनबाई म्हणाल्या. काही दिवस अजिबात बोलायचं नाही. बोलणं येईल. गाणं किती येईल ते नंतर कळेल. (मी नाशिकला परतल्यावर काकांचा फोन आला. बोलणं आलं आहे, जरा खालच्या पट्टीत. गाण्याचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.)

आठवड्याने एम्रिस आला. इंडियाना ओलांडून एकटा गाडी चालवत. रेकॉर्ड, म्हणजे ते एकच गाणं, त्याला फोनवरून पाठवता आली असती, पण त्याची एक रीत आहे. गाणं तयार झालं की पहिल्यांदा ते गाणाऱ्याच्या घरी, गाणाऱ्याच्या खुर्चीसमोर, गाणाऱ्याच्या साध्या स्पीकरवर लावायचं. तिथे बरं वाटलं तरच खरं. काकांचा स्पीकर चहाच्या डब्याएवढा आणि तितपतच आवाजाचा.

काका गळ्याला पट्टी बांधून आरामखुर्चीत बसले. एम्रिस समोर. इतक्या लोकांच्या रेकॉर्ड केलेला माणूस, पण हात गुडघ्यांवर ठेवून निकालाला बसल्यासारखा बसला होता. त्याने गाणं लावलं. मी लक्ष देऊन ऐकत होते. बेस होता. काढला नव्हता.

पहिला अंतरा गेला. काका हलले नाहीत. बोलता येत नसल्याने नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात काही पुटपुटणंही नव्हतं. एम्रिस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि तिथे काहीही नव्हतं. दुसरा अंतरा आला, मुखड्याकडचं वळण आलं, ते रेंगाळणं आलं, आणि काकांनी उजवा हात खुर्चीवरून उचलून थेट वर नेला.

एम्रिसने घाईघाईने स्पीकर बंद केला.

काकांचा हात तसाच वर. चेहरा लाल. त्यांनी तोंड उघडलं, काकूने बोट उगारलं, त्यांनी तोंड मिटलं.

"सॉरी," एम्रिस म्हणाला. "काय आवडलं नाही? बेस? बेस काढता येईल."

"अहो, नाही," काकू म्हणाली. मग इंग्रजीत, जमेल तितकं सावकाश, तिने त्याला सांगितलं, "थांबा म्हणत नाहीयेत ते. हात वर गेला की बंद करायचं नाही. तो खाली येईपर्यंत वाट बघायची."

एम्रिसने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दुसऱ्या अंतऱ्यात तो हात पुन्हा उठला आणि वर थांबला. एम्रिसचं बोट बटणावर होतं. त्याने ते काढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

सम आली. हात खाली आला, एम्रिसच्या गुडघ्यावर, चांगला जोरात.